डाव्या अंगानं

“डावं अंग म्हंजे माजं डावं का तुमचं डावं?” सटवाजीनं विचारलं.

बन्सीधर दुधाटे जमादार त्याच्यासमोर तोंड करून उभा होता, तेव्हा प्रश्न काही चुकीचा नव्हता. तो वळला, सटवाजीच्या शेजारी जाऊन झरीकडे तोंड करून उभा राहिला आणि डावा हात लांब केला. “हे अंग. ज्या हातानं तू जेवत न्हाईस, ते.”

साठ-सत्तर मेंढरं रस्त्याच्या उजव्या कडेनं पसरली होती आणि निम्मी डांबरावर आली होती. जिंतूरकडून आलेली एसटी समोर हॉर्न वाजवत उभी होती. सटवाजीनं तोंडानं ‘हुर्र’ केलं, काठी आडवी धरली, तशी मेंढरं एका झटक्यात खाली मातीत उतरली. एसटी निघून गेली. ड्रायव्हरनं जाताजाता एक शिवी दिली. ती मेंढपाळाला होती की पोलिसाला, ते कळलं नाही.

“बगा,” सटवाजी म्हणाला, “म्होरून आली, दिसली, उतरवली. आता तुमच्या म्हनन्यापरमानं त्या अंगानं गेलो, तर गाडी माघून येनार. माझ्या पाठीला डोळे हायत का जमादारसाब?”

 बन्सीधरनं खांद्यावरच्या पिशवीतून पुस्तिका काढली आणि ओळीखाली बोट फिरवत मोठ्यानं वाचलं, “पादचाऱ्यांनी तसेच गुरे-मेंढ्या नेणाऱ्यांनी नेहमी रस्त्याच्या डाव्या बाजूने चालावे.” मग पुस्तिका मिटून म्हणाला, “हे मी म्हनत न्हाई. छापलेलं हाय.”

सटवाजीनं पुस्तिका हातात घेतली. कव्हरावरचा तांबडा-हिरवा दिवा बघितला. त्याला वाचता येत नव्हतं.

“छापलेलं हाय म्हंजे इचार करूनच छापलं असंल,” तो म्हणाला आणि पुस्तिका दोन्ही हातांनी परत दिली.

बन्सीधर मूळचा पिंगळीचा. खात्यात सत्तावीस वर्षं झाली होती. त्यातली बरीच वर्षं त्यानं अपघाताचे पंचनामे लिहिण्यात घालवली होती, कारण अक्षर चांगलं होतं. पाच वर्षांपूर्वी परभणीच्या स्टेशनरोडवर ड्युटीवर असताना एका टेम्पोनं त्याचा गुडघा फोडला. तेव्हापासून पळापळीचं काम जमेना. साहेबांनी त्याला प्रबोधनाचं टेबल दिलं. टेबल म्हणजे एक लोखंडी कपाट, बॅटरीवरचा एक भोंगा, चित्रांची एक गुंडाळी आणि पुस्तिकांचे गठ्ठे. महिन्यातून दोनदा जीप मिळायची. एरवी एसटीनं जायचं, बाजाराच्या दिवशी गावात उभं राहायचं आणि रस्त्याच्या नियमांवर बोलायचं.

लोक ऐकत. बन्सीधरचा आवाज चांगला होता आणि गर्दी जमायचीही. पण ऐकून कुणी काही केलं, असं त्यानं पाच वर्षांत पाहिलं नव्हतं. बैलगाड्यांच्या मागं लावायला खात्यानं चमकणाऱ्या लाल पट्ट्या पाठवल्या होत्या. त्यानं शेकडो वाटल्या. पुढल्या खेपेला गेला तेव्हा एका घरात त्या देव्हाऱ्याला लावलेल्या दिसल्या, एकानं रेडिओला लावल्या होत्या. गाडीला एकही नव्हती. झरीच्या अलीकडचं नाल्यावरचं वळण तर त्याला पाठ होतं. तिथले सात पंचनामे त्यानं स्वतःच्या हातानं लिहिले होते. तिथं फलक लावावा म्हणून तीन वेळा कागद पाठवले होते. कागद जात होते आणि तिकडेच राहत होते.

सटवाजी मात्र वेगळा निघाला.

कालव्याचं पाणी आल्यापासून झरीच्या शिवारात पडीक रान उरलं नव्हतं. जिकडे तिकडे गहू आणि ऊस. मेंढरं चारायला दोन कोसांवरच्या माळावर न्यावी लागत आणि माळावर जायला डांबरी रस्त्याशिवाय वाट नव्हती. सटवाजी आणि त्याची बायको म्हाळसाबाई रोज दिवस उगवायला निघत आणि दिवस मावळताना परतत. त्या भेटीनंतर पंधरा दिवसांनी बन्सीधर एसटीनं झरीला चालला होता. त्यानं खिडकीतून पाहिलं तर कळप रस्त्याच्या डाव्या कडेनं, ओळीत, मातीवरून चाललेला. पुढं म्हाळसाबाई आणि मागं सटवाजी. बन्सीधरनं कंडक्टरला घंटी मारायला लावली आणि तिथंच उतरला.

“आरं, ऐकलास की तू!”

“आठ दिवस लागले,” सटवाजी हसून म्हणाला. “म्होरला एडका लय वंगाळ. त्येला त्याच अंगाची सवय. कान धरून वडत न्यावं लागलं. आता त्योच माझ्यापरीस पक्का झालाय.”

म्हाळसाबाई पुढून म्हणाली, “मला न्हाई पटत. सारकं माघं बगून मान दुखायलीय.”

“तू गप चाल,” सटवाजी म्हणाला. “जमादारसाबाला जबान देलीय म्या.”

त्या दिवशी बन्सीधर बाजारात दोन तास बोलला. घसा बसला तरी बोलला. घरी आल्यावर कमलबाईनं, त्याच्या बायकोनं, विचारलं, “आज काय परमोशन झालं का?”

“त्याच्यापेक्षा मोठं,” तो म्हणाला. “एका मानसानं ऐकलं.”

एक्क्याण्णव सालच्या जानेवारीत रस्ता सुरक्षा सप्ताह आला. झरीच्या शाळेच्या पटांगणात मांडव घातला. परभणीहून साहेब आले. भाषण आणि कार्यक्रम लिहून द्यायचं काम बन्सीधरकडे होतं, आणि त्यात त्यानं आपल्या मनानं एक कलम घातलं होतं : नियम पाळणाऱ्या ग्रामस्थाचा सत्कार. सटवाजीला फेटा बांधला, नारळ दिला. टाळ्या वाजल्या. सटवाजीला नारळ कुठं ठेवावा ते कळेना. तो छातीशी धरून तसाच उभा राहिला. साहेब माइकवरून म्हणाले, “एक अशिक्षित धनगर बांधव जे करू शकतो, ते तुम्ही सुशिक्षितांनी का करू नये?” आणि खाली उतरताना बन्सीधरच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, “शाब्बास दुधाटे.”

सत्तावीस वर्षांत हा शब्द त्याच्या वाट्याला पहिल्यांदा आला होता.

त्यानंतर वीस-बावीस दिवस गेले. नामांतराच्या मोर्चाचा बंदोबस्त लागला होता. वाहतूक शाखेतली सगळी माणसं त्यात गेली. बन्सीधरही गुडघ्याला पट्टा बांधून दोन दिवस चौकात उभा होता. तिसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता तो कंट्रोल रूमच्या बाहेर चहा पीत होता. वायरलेसवरचा माणूस बाहेर आला.

“दुधाटे, झरीच्या अलीकडं ट्रकनं मेंढरं मारली. मानूस बी गेलाय. फौजदारसाहेब निघालेत, तुमाला संगं या म्हणालेत. तुमची तिकडं वळख हाय म्हनं.”

बन्सीधरनं कोणता माणूस ते विचारलं नाही. कप ओट्यावर ठेवला आणि जीपमध्ये जाऊन बसला.

गव्हाच्या रानांवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. वळणाला पाच-पन्नास माणसं गोळा झाली होती. ट्रक डाव्या अंगाच्या नाल्यात तोंड खुपसून उभा होता, ड्रायव्हर पळून गेला होता. रस्त्याच्या कडेला मातीवर मेंढरं पडली होती. काही अजून पाय झाडत होती. सटवाजीवर त्याचंच घोंगडं टाकलेलं होतं. म्हाळसाबाई रडत नव्हती. ती गव्हात शिरलेली मेंढरं एकेक करून बाहेर काढत होती आणि नाल्याच्या पलीकडे एका जागी उभी करत होती. कुणीतरी तिला हाताला धरून बसवलं, की ती परत उठायची. “बिथरून लांब जातील,” म्हणायची.

फौजदार तरुण होता, कामाला तरबेज. त्यानं टेप सोडली. एक टोक शिपायाच्या हातात, दुसरं स्वतःच्या. बन्सीधर जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून लिहायला उभा राहिला.

“लिहा. मयताचे प्रेत डांबराच्या डाव्या कडेपासून दोन फूट बाहेर, मातीवर.” फौजदार उभा राहून मातीतल्या पावलांच्या आणि खुरांच्या खुणांकडे बघू लागला. “काय माणूस होता. एक पाऊल चुकलेला नाही. डाव्या बाजूला, तेही रस्ता सोडून. ड्रायव्हरला डुलकी लागली आणि सरळ मागून आला. केस पक्की आहे दुधाटे. मयताची काही चूक निघणार नाही.”

बन्सीधरनं ‘मयताचे प्रेत डांबराच्या’ इथपर्यंत लिहिलं होतं. पुढचा शब्द लिहायला पेन उचलला आणि टेकवला. शाई पसरून कागदावर ठिपका झाला.

“काय झालं?”

“काई न्हाई साहेब.” त्यानं लिहिलं. त्याच्या अक्षराला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. त्या दिवशीच्या पंचनाम्यातही नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं.

जीपमध्ये बसताना त्यानं फौजदाराला सांगितलं, “साहेब, हा मानूस पहिलं उजव्या बाजूनं चालायचा. मीच त्याला ह्या बाजूला आनला.”

“बरोबरच केलंत,” फौजदार म्हणाला. “नाहीतर आज वकील म्हणाला असता, मयतच चुकीच्या बाजूला होता.”

दहाव्याचे विधी झाल्यावर बन्सीधर वस्तीवर गेला. वर्दी न घालता, धोतर-सदऱ्यात गेला. कूड घातलेल्या दोन खोपी, पुढं काटेरी वाडा. वाड्यात तीसेक मेंढरं उरली होती. भावकीतली दोन माणसं बाजेवर बसली होती. ती त्याला बघून उठली आणि त्याला जागा देऊन बाहेर गेली. म्हाळसाबाईनं चुलीवर चहा ठेवला.

कुणीतरी ओरडावं, अंगावर यावं, असं मनाशी म्हणत तो रस्ताभर आला होता. म्हाळसाबाईनं कपबशी त्याच्यापुढे ठेवली आणि आपण भुईवर बसली.

“घ्या दादा. दूध न्हाई त्यात.”

“वहिनी,” तो म्हणाला, “मी त्याला सांगितलं नसतं तर—”

“त्येनला म्या बी सांगितलं व्हतं,” ती म्हणाली. “त्या दिशी लय धुकं व्हतं. म्या म्हनलं, आज त्या अंगानं चला, गाडीचा उजेड तरी दिसंल. तर म्हनले, न्हाई, जमादाराला जबान देलीय. गावानं फेटा बांधलाय. कुनी बगितलं तर काय म्हनंल.”

ती हे सांगत होती ते त्याला दोष देण्यासाठी नव्हे. नवरा शेवटचं काय बोलला, ते आलेल्या प्रत्येकाला ती सांगत असावी. बन्सीधरनं उचललेली कपबशी न पिताच खाली ठेवली.

“तुमच्यावर काई न्हाई दादा,” म्हाळसाबाई म्हणाली. “तुमी भल्यासाठीच सांगितलं.” मग तिनं वाड्याकडे पाहिलं. “पर मला एक सांगा. आता येवढी राहिल्यात, तेनला माळावर न्यावंच लागंल. उपाशी कवर ठिवू? तुमी शिकलेले हाव. मी आता कोन्च्या अंगानं नेऊ?”

तिला खरोखरच उत्तर हवं होतं. ती त्याच्या तोंडाकडे बघत बसली.

बन्सीधरला डावं म्हणवेना. उजवं म्हणायला जीभ उचलली, तर मनात आलं, उद्या त्या बाजूनं हिला काही झालं तर? शेवटी तो म्हणाला, “थोडे दिवस जाऊ द्या वहिनी. मी इचारून सांगतो.”

“बरं,” ती म्हणाली. “इचारा.”

तो विचारायला गेलाच. गेला म्हणजे अर्ज लिहून साहेबांपुढे उभा राहिला. अर्जात त्यानं सगळं क्रमानं लिहिलं होतं. मयत उजव्या बाजूने चालत असे. मी त्यास समजावून डाव्या बाजूस आणले. त्यामुळे मागून येणारे वाहन त्यास दिसले नाही. सबब माझी चौकशी व्हावी, तसेच पुस्तिकेतील सूचना बरोबर आहे किंवा कसे याचा वर कळवून खुलासा मागवावा.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, खुर्ची दाखवली. बन्सीधर बसला नाही.

“दुधाटे, कशाची चौकशी लावू तुमची? तुम्ही पुस्तिकेत आहे तेच सांगितलंत.”

“हो साहेब.”

“ड्रायव्हर झोपला होता. सटवाजी उजव्या बाजूला असता तर कदाचित उजवीकडे मेला असता.”

“न्हाई साहेब. त्याला दिसलं असतं. तो खाली उतरला असता. मी बघितलंय त्याला उतरताना.”

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग अर्जाची घडी घातली आणि त्याच्याच हातात परत दिली. “हे मी वर पाठवलं तर तुमची पेन्शन अडकेल, दुसरं काही होणार नाही. घरी जा. दोन दिवस रजा घ्या.”

“मग मला ह्या टेबलावरून तरी काढा साहेब. पहाऱ्याची गारद द्या, काई बी द्या.”

“आणि गावोगाव जाऊन बोलणार कोण? तुमच्याइतकं लोक दुसऱ्या कुणाचं ऐकतात का?”

बन्सीधर घरी आला. दोन दिवस तो घरीच होता. तिसऱ्या दिवशी कमलबाईनं त्याला भाजीला पाठवलं. अर्धा तास झाला तरी येईना म्हणून ती दाराबाहेर आली, तर तो गल्लीच्या तोंडाशी, मोठ्या रस्त्याच्या काठावर पिशवी घेऊन उभा होता. रिक्षा जात होत्या, सायकली जात होत्या.

“कामून थांबलाव?” तिनं विचारलं.

“जातो,” तो म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. शेवटी कमलबाईनं पिशवी घेतली आणि तीच जाऊन भाजी घेऊन आली. त्यानंतर तिनं त्याला पुन्हा कधी बाजाराला पाठवलं नाही.

ड्रायव्हर पकडला गेला आणि जामिनावर सुटला. ट्रक त्याच्या आधीच सुटला होता. बन्सीधर गावोगाव जात राहिला. भोंग्यावरून दिव्यांचं बोलायचा, ब्रेकचं बोलायचा, दारू पिऊन गाडी चालवण्याबद्दल बोलायचा. चालणाऱ्यांचं कलम आलं की पान उलटायचा. झरीला तो गेला नाही. बाजाराचा दिवस आला की गुडघ्याचं कारण सांगायचा.

त्याच वर्षाच्या डिसेंबरात नवे गठ्ठे आले. कागद जरा बरा होता आणि चित्रं रंगीत होती. बन्सीधरनं सुतळी कापली, वरची प्रत घेतली आणि उभ्याउभ्याच चाळली. अकराव्या पानावर, एक बाई आणि एक पुरुष चाललेत अशा चित्राखाली लिहिलं होतं : ‘पदपथ नसलेल्या रस्त्यावर पादचाऱ्यांनी उजव्या बाजूने, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून चालावे.’

का बदललं, कधी बदललं, आधीचं चूक होतं की काय, यातलं काहीच कुठं लिहिलेलं नव्हतं. त्यानं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शोधलं. मग कपाटातल्या जुन्या पुस्तिकांचा गठ्ठा काढून त्याचं काय करायचं ते कारकुनाला विचारलं.

“रद्दीत टाका,” कारकून म्हणाला. “तीच ती माहिती असते.”

साठ मेंढरांचा एक अडाणी माणूस भर रस्त्यात उभा राहून हेच म्हणाला होता, आणि आपण त्याला छापलेलं दाखवून गप्प केलं होतं. बन्सीधर त्या दिवशी कपाट उघडं टाकूनच घरी गेला.

म्हाळसाबाईनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आता त्याच्याकडे होतं, सरकारी शिक्क्यासकट. ते तिला सांगायला हवं होतं. तरी चार महिने तो गेला नाही. एप्रिलात मात्र एका दुपारी त्यानं नवी पुस्तिका पिशवीत टाकली आणि झरीची एसटी धरली.

वस्तीवर दुसरंच माणूस होतं. सटवाजीचा चुलतभाऊ येडबा खोपीच्या सावलीत पडला होता. वाडा रिकामा होता.

“मेंढरं इकली की तिनं,” तो म्हणाला. “मागल्याच दिवाळीला. रस्त्यानं न्यायला धजना, घरी बांधून पाल्या-कडब्यावर कवर जगवावी? तुमच्याकून काई निरोप येईल म्हनून लय दिवस वाट बगितली तिनं.”

“कुठं हाय आता?”

“रोजगार हमीवर. रस्ता रुंद करायलेत न्हवं का. वळनापाशी खडी फोडायलीय.”

बन्सीधर चालत निघाला. उन्हानं डांबर चपलांना चिकटत होतं. वळणाच्या अलीकडे दगडांचे ढीग होते आणि ढिगांपाशी दहा-बारा बाया बसल्या होत्या, डोक्यावर पदर ओढून. म्हाळसाबाई सगळ्यात शेवटी होती. तिचा ढीग डांबराला लागूनच होता. रस्त्याकडे पाठ करून ती हातोडी घालत होती. जिंतूरकडे जाणारी गाडी तिच्या पाठीमागून हातभर अंतरावरून जायची, पदर उडायचा. ती तो दाताखाली धरायची आणि पुढचा दगड घ्यायची. तिनं एकदाही मागं वळून पाहिलं नाही.

“वहिनी,” त्यानं हाक मारली.

तिनं मान वर केली. ओळखायला थोडा वेळ लागला. “कोन, जमादारदादा? बरं हाय ना?”

“बरं हाय.” त्याचा हात पिशवीत होता. पुस्तिकेचा कागद बोटांना गुळगुळीत लागत होता. “तुमी ह्या बाजूला बसू नगा वहिनी. रस्त्याकडं तोंड करून तरी बसा.”

“मुकादमानं जागा नेमून देलीय,” ती म्हणाली. “ढीग इथंच टाकल्यात. कुटं वडत नेऊ?” आणि हातोडी परत चालू झाली.

पिशवीतला हात त्यानं रिकामाच बाहेर काढला. मागून एक ट्रक येत होता. बन्सीधर तिच्या पाठीशी, डांबरावर जाऊन उभा राहिला आणि हात आडवा धरला. ट्रकनं हॉर्न दिला, वेग कमी केला आणि पलीकडून वळसा घालून गेला. मग जीप आली. मग उसाचे दोन ट्रॅक्टर. अंगावर वर्दी नव्हती, शिट्टी नव्हती. एका ड्रायव्हरनं, “मरायचंय का म्हाताऱ्या?” म्हणून विचारलं. तो हात आडवा धरूनच उभा राहिला. गुडघा ठणकायला लागला तसा त्यानं भार दुसऱ्या पायावर घेतला.

बराच वेळ गेल्यावर म्हाळसाबाई मागं न बघता म्हणाली, “दादा, वाईच सरका. दगडावर सावली पडायलीय, घाव कळंना मला.”

तो एक पाऊल सरकला, रस्त्याच्या आत.

“आता दिसायलंय का?” त्यानं विचारलं.

“हां,” ती म्हणाली. “दिसायलंय.”